मुळासकट आण!

गौरी यायला चार दिवस उरले होते. शेजारच्या मावशींनी दाराशी बसल्या बसल्या मला हाक मारली आणि म्हणाल्या, "अरे, यंदा मागच्या अंगणात फरश्या बसल्या. माझी केनी गेली. गौरीच्या भाजीपुरती मूठभर कुठून तरी आणून दे."

मावशींचे वय ऐंशीच्या पुढचे. रत्नागिरीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत आल्या, त्यालाच आता साठ वर्षे होतील. यजमान गिरणीत होते. गौरी येतात त्या दिवशी त्यांच्या घरी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो आणि त्या भाजीत चिमूटभर तरी केनी पडलीच पाहिजे, असा त्यांच्या सासूबाईंपासूनचा शिरस्ता. इतकी वर्षे ती केनी चाळीच्या मागल्या अंगणात आपली आपण उगवत असे. पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत भिंतीच्या कडेने हिरवी लादी पसरायची. मावशी खाली उतरून ओटीभर खुडून आणायच्या.

यंदा मे महिन्यात त्या अंगणात सिमेंटच्या फरश्या बसल्या. चिखल होतो, डास होतात, मुले घसरून पडतात, अशी सर्वांची तक्रार होती. ठराव झाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. केनीचे नाव त्या सभेत कोणी काढले नाही. मावशी सभेला नव्हत्या, आणि मला तरी ते नाव कुठे ठाऊक होते!

तेव्हा मूठभर केनी आणून देणे हे माझे कर्तव्यच होते म्हणा ना. मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारले, "केनी म्हणजे ते निळ्या फुलाचे गवत ना?"

"तेच," मावशी म्हणाल्या.

येथेच सगळा घोटाळा झाला. 'निळ्या फुलाचे गवत' ही काही ओळख नव्हे. 'टोपी घातलेला माणूस' असे सांगून कोणी आपल्याला लालबागच्या गर्दीत पाठवावे, तशातलाच तो प्रकार!

पहिला दिवस: संध्याकाळ

त्या दिवशी संध्याकाळी पिशवी घेऊन मी निघालो. गणपतीचे दिवस. चिंचपोकळीच्या चिंतामणीचे मंडळ 1920 सालचे. त्याच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत सारे जग मान वर करून मूर्तीकडे पाहत होते आणि मी एकटाच मान खाली घालून भिंतींच्या कडा न्याहाळत होतो. एका स्वयंसेवकाने काळजीने विचारले, "काका, काही पडलं का तुमचं?"

"नाही, फूल शोधतोय."

"फुलं दादरला मिळतील," तो म्हणाला आणि दोरखंड सावरायला धावला.

स्टेशनाचा पूल झाला, रेल्वेच्या भिंतीलगतची गल्ली झाली, बंद गोदामांच्या पायऱ्या झाल्या. हिरवे पुष्कळ दिसले. आघाडा दिसला, टाकळा दिसला, दगडी पाला दिसला. निळे मात्र काही दिसेना. दिवेलागणीला रिकामी पिशवी घेऊन परतलो.

मावशी हसल्या. "संध्याकाळी गेलास होय? अरे, ती बाई सकाळची. बारा वाजले की दार लावून घेते."

मावशींचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, हे मला पुढे पुस्तकातून कळले. केनीचे फूल एका दिवसाचेही नव्हे, अर्ध्या दिवसाचे. सूर्य वर आला की ते उमलते आणि दुपार होते न होते तोच मिटते. मिटते म्हणजे कमळासारखे उद्या पुन्हा उमलण्यासाठी नव्हे; त्याच्या पाकळ्या विरघळल्यासारख्या ओल्या होऊन जागच्या जागी आक्रसतात. उद्याचे फूल निराळे. इंग्रजीत या सबंध घराण्याला दिवसफुले म्हणतात ते त्यामुळेच. मी ज्या वाटेने गेलो त्या वाटेवर केनी नसेलच असे नाही. पण फुलाखेरीज तिला ओळखण्याची माझी तयारी नव्हती आणि फूल त्या वेळी घरी नव्हते.

दुसरा दिवस: सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो. बरोबर आठवीत शिकणारी माझी नात होती. शाळेत रानटी वनस्पतींची वही करायला सांगितली होती, म्हणून तिला फूल हवे होते. मला भाजी हवी होती.

रेल्वेच्या कुंपणाबाहेर पाणी झिरपून ओल धरलेली एक पट्टी आहे. तेथे नातीने बोट दाखवले. गवतात निळे थेंब सांडावेत तशी फुले! एखाद्या लहान मुलाच्या नखाहून फार मोठी नव्हेत. पण निळा रंग असा की डोळ्यांना थंडावा वाटावा.

आम्ही उकिडवे बसून एक फूल नीट पाहिले. वाचकहो, कधी संधी मिळाली तर तुम्हीही पाहा. दोन पाकळ्या कानांसारख्या वर उभारलेल्या, देठाशी अरुंद आणि वर पसरट. तिसरी पाकळी खाली, लहान आणि फिकट. तिच्याकडे लक्षही जात नाही. मध्ये वरच्या अंगाला पिवळेधमक ठिपके. हे ठिपके म्हणजे शुद्ध जाहिरात होय. ते केसर वांझ असतात. खरे परागकण खालच्या अंगाला पुढे आलेल्या तीन केसरांवर असतात. या फुलात मध मुळीच नसतो. मधमाशी पिवळ्या ठिपक्यांना भुलून येते, मधाऐवजी परागावर समाधान मानते आणि त्या धांदलीत फुलाचे काम करून जाते. आमच्या मुंबईच्या बाजारपेठेत शोभेल असा हा व्यवहार!

मी कात्रीने नीटनेटकी एक जुडी कापली. मुळाची माती पिशवीत नको, म्हणून जमिनीपासून चार बोटे वरून. नातीने मोबाईलवर छायाचित्र काढून नाव विचारले. यंत्राने एक नाव सांगितले. पान जवळ धरून पुन्हा विचारले, तेव्हा दुसरे सांगितले. घरी येईपर्यंत ऊन चढले, फुले आक्रसली. मग विचारले तर तिसरेच! तिन्ही वेळा उत्तर मात्र कसे ठणठणीत.

जुडी मावशींच्या हाती दिली. त्यांना आता डोळ्यांनी धूसरच दिसते. त्यांनी एक काडी घेतली, पानावरून अंगठा फिरवला, पान जेथे खोडाला मिठी मारते तेथे बोट लावले आणि जुडी परत माझ्या हाती ठेवली.

"ही केनी नव्हे."

"मावशी, अहो निळे फूल आहे, मी स्वतः पाहिले!"

"असेल. पान लांबट आहे. केनीचं पान रुंद, आखूड. देठापाशी बोट लावलं तर लव लागते. आणि मूळ कुठे आहे?"

"मूळ कशाला? भाजी तर पानांची करायची ना?"

"मुळासकट आण, मग सांगते," मावशी म्हणाल्या आणि तांदूळ निवडू लागल्या.

पुस्तकातील केना

आता माझीही जिद्द जागी झाली. दुपारी एका जुन्या ग्रंथालयात जाऊन कुकसाहेबांचे पुस्तक मागितले. थिओडोर कुक हे मुळात अभियंते, पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. पण त्यांचे नाव राहिले ते 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशामुळे. आमच्याकडच्या रानात काय उगवते हे शोधणाऱ्याला आजही त्या ग्रंथाची पायरी चढावी लागते. दुसरी पायरी म्हणजे झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रह. फादर ब्लॅटर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट पाद्री. त्यांच्या नावाने चालणाऱ्या या संग्रहात दाबून वाळवलेल्या वनस्पती जपून ठेवलेल्या आहेत. वाळलेल्या केन्याचे फूल निळे राहत नाही, ही मात्र मोठी अडचण. पान, देठ आणि आवरण यांवरच भिस्त.

आणि ओळखीची किल्ली नेमकी तेथेच निघाली. आपण ज्याला सरसकट केना म्हणतो त्याचे शास्त्रीय घराणे कॉमेलिना. त्यात बहिणी-बहिणी पुष्कळ. मावशींची केनी ती कॉमेलिना बेंगालेन्सिस. तिचे पान अंडाकृती, रुंद आणि थोड्याशा देठाचे. पानाचा तळ खोडाभोवती नळीसारखा गुंडाळलेला असतो आणि त्या नळीच्या तोंडाशी बहुधा तांबूस केस असतात. मावशींच्या बोटाला लागणारी लव ती हीच! फूल ज्या हिरव्या द्रोणातून डोके काढते त्या द्रोणाच्या कडा खाली जुळलेल्या असतात, म्हणून त्याचा आकार नाळक्यासारखा होतो.

मी आणलेली ती कॉमेलिना डिफ्यूजा. हिला ओल फार प्रिय. पान भाल्यासारखे लांबट आणि द्रोण दुमडलेल्या पानासारखा खालून उघडा. फूल पाहावे तर दोघींचे जवळजवळ सारखेच. म्हणजे ज्या निळ्या फुलावर मी विसंबलो तेच बहिणी-बहिणींत फरक सांगायला निरुपयोगी आणि ज्या पानाकडे मी पाहिलेच नाही ते बोलके!

याखेरीज निळ्या फुलांची इतर मंडळी आहेतच. विष्णुक्रांतेचे फूल निळे, पण ते वाटोळ्या बशीसारखे. नभाळीचे निळसर जांभळे, पण तिच्या तिन्ही पाकळ्या सारख्या आणि केसरांवर निळी लोकर. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर भाद्रपदात जो निळा-जांभळा गालिचा दिसतो, त्यातली सीतेची आसवे तर कीटक पकडून खाणारी. आणि आमच्या चिंचपोकळीच्या उकिरड्यावरही उगवणारी भुरुंडी पाहा. तिचा फिकट निळसर तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो. तिच्यात यकृताला अपाय करणारी द्रव्ये आहेत. 'निळ्या फुलाची भाजी' एवढ्या ओळखीवर कोणी भाजी शिजवू लागला तर पंचाईत व्हायची ती अशी. वहीत चुकीचे नाव पडले तर गुण जातात. ताटात पडले तर काय जाईल ते सांगता येत नाही.

तीन कॉमेलिन आणि तीन पंडित

या घराण्याला कॉमेलिना हे नाव कसे पडले, त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. स्वीडनचा लिनियस हा वनस्पतींना नावे देणारा आद्य पुरोहित. हॉलंडात कॉमेलिन नावाचे घराणे होते. त्यातले यान आणि त्याचा पुतण्या कास्पार हे दोघे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. त्याच घराण्यातला तिसरा मात्र शास्त्रात काही करून दाखवण्यापूर्वीच वारला. लिनियसने लिहून ठेवले आहे की, या फुलाच्या दोन ठळक पाकळ्या म्हणजे ते दोन कॉमेलिन आणि तिसरी, न दिसणारी पाकळी म्हणजे तो तिसरा. पुढे 1753 साली त्याने बंगालच्या नावाने जी जात नोंदवली तीच आपली केनी.

मला आश्चर्य वाटले ते पुढच्या गोष्टीचे. हा थोरला यान कॉमेलिन ॲम्स्टरडॅमला बसून ज्या एका महाग्रंथावर टिपा लिहीत होता, तो ग्रंथ म्हणजे 'होर्टुस मलबारिकुस'. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने मलबारातल्या वनस्पतींची माहिती जमवून 1678 ते 1693 या काळात त्याचे बारा खंड काढले. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्या तिघांचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत त्या ग्रंथात छापलेले आहे. म्हणजे केनीला ज्यांचे नाव मिळाले त्या घराण्याची विद्या काही अंशी तरी आपल्याच किनाऱ्यावरच्या वैद्यांच्या तोंडून गेलेली! तिसऱ्या पाकळीकडे पाहताना मला तो अकाली वारलेला कॉमेलिन तर आठवतोच. पण ज्यांच्या नावाचे एकही झाड युरोपात सहसा कोणाला ठाऊक नाही, असे हे आमचे तिघेही आठवतात.

याच फुलाच्या आणखी एका बहिणीची कथा आमच्या गिरणगावाला आवडेल. जपानात शिगा प्रांतातल्या कुसात्सु गावी कॉमेलिना कम्युनिसचा मोठ्या फुलांचा वाण लावतात. पाकळ्यांचा निळा रस काढतात, तो कागदाला पुन्हा पुन्हा लावून वाळवतात आणि तो कागद पाण्यात भिजवून रंग परत मिळवतात. किमोनोच्या रेशमावर नक्षी काढणारे कारागीर आधी या रंगाने रेघा आखून घेतात. कापडाला कायमचा रंग चढवून झाला की पाण्याने धुवावे. आखणी नाहीशी होते, नक्षी राहते. नीळ धुतली तरी जात नाही म्हणून मोलाची, आणि हा रंग धुतला की जातो म्हणून मोलाचा! त्या निळाईचे रहस्य जपानी शास्त्रज्ञांनी 1992 साली उलगडून दाखवले. सहा रंगीत रेणू, सहा रंगहीन रेणू आणि मॅग्नेशियमचे दोन अणू मिळून तो निळा गोफ विणला जातो.

तिसरा दिवस: वऱ्हाडचा जाणकार

तिसऱ्या दिवशी पुन्हा सकाळीच निघालो. या वेळी बरोबर कात्री नव्हती, जुने उलथने होते.

ओलीच्या जागा सोडून मोकळ्या, उकरलेल्या मातीच्या जागा पाहायच्या, असे आम्ही आजोबा-नातीने ठरवले होते. चिंचपोकळीत अशा जागा आता कोठे? 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक भोंगा बंद पडला. काही वर्षे त्या आवारांतून तण माजले. मग तण गेले आणि मनोरे आले. अशाच एका जुन्या आवाराच्या कडेला बांधकामाच्या मातीचा ढीग पडलेला होता आणि त्या ढिगाच्या उतारावर निळे ठिपके दिसत होते. पण मध्ये पत्र्याचे कुंपण, आणि कुंपणाशी खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी.

मी भीत भीत म्हणालो, "दादा, ते निळे फूल जरा पाहायचे होते."

त्याने मागे वळून पाहिले आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "हा केना होय जी! याले काय पाहता? आमच्या कपाशीत घुसला की लय तरास देते."

पहारेकरी यवतमाळकडचा निघाला. घरी चार एकर कपाशी, भाऊ पाहतो, हा मुंबईला. केन्याविषयी त्याने मला पाच मिनिटांत जे सांगितले ते कुकसाहेबांच्या पुस्तकात नव्हते. केना निंदून बांधावर टाकला तर तो मरत नाही. खोडाच्या पेरापेराला मुळ्या फुटतात, पावसाची एक सर आली की तुकडा न् तुकडा पुन्हा उभा राहतो. म्हणून निंदणारी बाई शहाणी असेल तर ती तो टोपलीत भरून शेताबाहेर नेते आणि गुरांपुढे टाकते.

"आणि नुसता वरून तोडून काही होत नाही जी," तो म्हणाला. "त्याचं खरं बियाणं खाली राहते."

त्याने स्वतःच माझ्या हातातले उलथने घेतले आणि एक अख्खे रोप मातीसकट उचलून दिले. रुंद, आखूड पान. नळीच्या तोंडाशी तांबूस लव. नाळक्यासारखा द्रोण. नात आनंदाने ओरडलीच! मग त्याने मुळाची माती झटकली आणि आम्ही दोघेही पाहत राहिलो. मुळांच्या जोडीने पांढुरके, फिकट कोंब जमिनीत शिरलेले होते आणि त्यांना हरभऱ्याच्या डाळीसारख्या लहान लहान पांढऱ्या कुप्या लागल्या होत्या.

त्या कुप्या म्हणजे केनीची दुसरी फुले. ही कधीच उमलत नाहीत. ऊन नाही, माशी नाही, निळा रंग नाही. मातीच्या पोटात बंद दाराआड स्वतःचे स्वतःच फलन करून ती बी धरतात. वरच्या फुलाच्या बोंडात पाच बिया असतात, एक मोठी आणि चार लहान. खालच्या बोंडात तीन, एक मोठी आणि दोन लहान. म्हणजे एकाच रोपाच्या चार तऱ्हांच्या बिया. मोठ्या बिया लवकर रुजतात, लहान बिया बराच काळ दम धरून बसतात. एक पाऊस फसला तरी सारे बियाणे बुडत नाही. चार ठिकाणी पैसे ठेवणाऱ्या सावध गृहिणीसारखी ही केनी!

मावशी "मुळासकट आण" का म्हणाल्या, ते मला त्या ढिगावर कळले. लहानपणी नाचणीच्या खाचरांत बेणणी करताना त्यांच्या हातांनी या कुप्या शेकडो वेळा उपटल्या असतील. डिफ्यूजाला त्या लागत नाहीत. मी आदल्या दिवशी कात्रीने जे जमिनीत सोडून आलो होतो, नेमकी तीच खूण त्या शोधत होत्या.

पहारेकऱ्याला मी परदेशातली एक गोष्ट सांगितली, तेव्हा त्याला फार बरे वाटले. हाच केना अमेरिकेत गेला. 1983 साली तेथील केंद्र सरकारने त्याला उपद्रवी तणांच्या यादीत घातले. पुढे 1997 पासून तेथे ग्लायफोसेट नावाचे तणनाशक सोसणारी कपाशी आली. शेतकरी त्या एकाच औषधावर विसंबू लागले, इतर तणे मेली. केना मात्र त्या औषधाला दाद देईना. तो मोकळ्या रानात फोफावला आणि काही वर्षांतच जॉर्जिया संस्थानातल्या कपाशीचे अत्यंत त्रासदायक तण होऊन बसला. 1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईची भरभराट झाली ती त्या पैशावर. त्या देशाच्या कपाशीला आता आमच्या बांधावरचे तण छळते आहे!

"म्हणजे तिथंही टोपलीतच न्या लागते," पहारेकरी म्हणाला आणि समाधानाने हसला.

मावशींचा निवाडा

रोप मावशींच्या हाती दिले. त्यांनी पान चाचपले, लव चाचपली, मग बोटे सावकाश खाली नेत मुळाशी आल्या. एक पांढरी कुपी त्यांच्या चिमटीत सापडली. "ही बघ," त्या म्हणाल्या. "ही माझी केनी."

मला परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचा आनंद झाला. मी म्हणालो, "मावशी, पिशवीभर आहे. भाजी होईल, भजीही होतील." केनीच्या पानांची डाळीच्या पिठात बुडवून काढलेली भजी किती खमंग होतात, हे मी त्यांच्याच घरी ऐकले होते.

"माती कुठली?" मावशींनी विचारले.

मी जागा सांगितली. त्या क्षणभर गप्प राहिल्या. त्याच आवारात त्यांच्या यजमानांची उमेद गेली होती.

"ती माती मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तेल, रंग, कोळसा, काय काय जिरलं असेल तिच्यात. पोटात नको, आणि देवीपुढे तर नकोच. पण टाकू नकोस."

मावशींचा हा निवाडा कोणाही शास्त्रज्ञाला मान्य होईल. पालेभाजी ज्या मातीत वाढते त्या मातीतले शिसे आणि इतर विषारी धातू तिच्यात उतरू शकतात आणि ते शिजवून जात नाहीत. ओळख पटली म्हणजे काम संपले असे नाही. भाजी कोणती हा एक प्रश्न, आणि ती कोठली हा दुसरा. मोबाईलला पहिला विचारता येतो. दुसऱ्याचे उत्तर छायाचित्रात नसते.

गौरींच्या दिवशी मी दादरला गेलो. पावसाळ्यात तेथे रानभाज्या घेऊन खेड्यापाड्यांतल्या बायका बसतात. केनी त्या दिवशी आली नव्हती, कुर्डू मिळाला. केनी-कुर्डू ही जोडी जुनीच. त्यातला एक तरी आला, म्हणून मावशींनी गोड मानून घेतले. माझी केनी त्यांनी तेलाच्या जुन्या डब्यात, बाजारातली नवी माती घालून लावायला सांगितली. पेरापेराने तिने मूळ धरले. गॅलरीच्या कठड्यावर रोज सकाळी दोन-तीन निळी फुले उमलू लागली. मावशींना ती दिसत नाहीत. पण दुपारी जेवण झाले की त्या हात लावून पाहतात आणि म्हणतात, "लावलं दार."

नातीच्या वहीत केनीचे अख्खे रोप मुळासकट डकवले आहे. फुलाचा निळा रंग गेला आहे. खालच्या पांढऱ्या कुप्या मात्र स्पष्ट दिसतात. नावाच्या जागी तिने लिहिले आहे: केनी, केना, कॉमेलिना बेंगालेन्सिस. माहिती सांगणाऱ्याच्या जागी तिने दोन ओळी लिहिल्या: शेजारच्या आजी, आणि पहारेकरी काका.

आता हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी आलेली असेल. आमच्या डब्यातली केनी आश्विनात पिवळी पडू लागली आणि आता नुसत्या वाळक्या काड्या उरल्या आहेत. पणत्यांना जागा हवी म्हणून घरातल्यांनी तो डबा परवा उचललाच होता. मी तो परत जागेवर ठेवला. वरून पाहणाऱ्याला त्यात काही नाही. आत काय आहे ते मी आता जाणतो.

चाळीची पुढची सभा पाडव्यानंतरच्या रविवारी आहे. मागल्या अंगणातली भिंतीलगतची एक ओळ फरश्या काढाव्यात आणि ती दोन हात पट्टी मोकळी ठेवावी, असा ठराव मी मांडणार आहे. चिखलाची तक्रार करणाऱ्यांना कोपऱ्यातली वाट दाखवता येईल. मावशींनाही या वेळी हात धरून सभेला नेणार आहे. फरश्यांखाली अजून बी जिवंत असेल का, असे मी त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "एक फरशी उचल. मग पाऊस सांगेल."